चाकांवरचे बिऱ्हाड

कोकणातल्या माणसाला घर हलवायला सांगणे म्हणजे माडाला चालायला सांगण्यासारखे आहे. जांभ्या दगडाचे जोते, वर मंगलोरी कौले, पुढे सारवलेले खळे, खळ्यात तुळशीवृंदावन आणि मागच्या दारी विहीर, एवढे सगळे जागच्या जागी असले म्हणजे मग त्याला घर म्हणायचे, अशी आमच्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. मुंबईला गेलेला चाकरमानी चाळीस वर्षे गिरगावात काढील, मुलांची लग्ने तिथेच करील. पण त्या जागेला तो म्हणणार बिऱ्हाडच. घर म्हणजे गावचे.

अशा आमच्या वालावल गावात गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तीन घरे चाकांवरून आली आणि आमच्या खळ्याच्या कडेला माडांखाली उभी राहिली. एक होते माझ्या भाच्याचे, दोन त्याच्या पुण्यातल्या मित्रांची. तिन्ही कुटुंबे मुलाबाळांसकट. कुडाळपासून इथवर येताना वाटेतली माणसे म्हणे लग्नाची वरात पाहावी तशी थांबून पाहत होती. आमचे वालावल पाहिलेल्यांना लक्ष्मीनारायणाचे देऊळ आणि त्याला लागून असलेले ते माडांनी वेढलेले तळे आठवत असेल. अशा तळ्याकाठच्या गावात अॅल्युमिनियमच्या पत्र्याची चकचकीत खोकी म्हणजे देवळात कोणी बूट घालून शिरल्यासारखे वाटले, हे कबूल केलेच पाहिजे.

पण खोके म्हणून हिणवायचे तर तेही खरे नाही. ही गाडी अर्धी घर असते, अर्धी तंबू. तिला स्वतःचे इंजिन नाही. मोटारीच्या मागे हुकाला जोडून ती ओढत न्यायची. मुक्कामावर पोचले, की चार कोपऱ्यांचे पाय खाली सोडायचे, छपराच्या कड्या काढायच्या, आणि गॅसच्या दट्ट्यांनी छप्पर दोन हात वर उचलले जाते. मधल्या फटीत कॅनव्हासच्या भिंती ताठ होतात. एका अंगाने पलंग खणासारखा बाहेर सरकतो आणि त्याच्यावरही कॅनव्हासचा बुरखा. मागच्या दारातून ओटा बाहेर येतो. चालताना ठेंगणी, मुक्कामाला उंच. घाटात वारा कमी लागावा आणि घरात माणसाला ताठ उभे राहता यावे, हे दोन्ही साधण्याची ही युक्ती. ऑस्ट्रेलियात अशा संकरित गाड्यांचे पुष्कळ वेड आहे. आपल्याकडे त्या मोजक्या. बहुतेक कोणीतरी हौसेने कारखान्यात करवून घेतलेल्या. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा त्यात तंबू-ट्रेलर आणि घडीची कॅराव्हॅन हे प्रकारही धरले आहेत. ट्रेलरला मोटारीपेक्षा वेगळी, स्वतःची नोंदणी लागते. त्या नोंदणीसाठी तिघांनी घातलेल्या खेपांची कहाणी मी ऐकली आहे, पण दिवाळी अंकात ती नको.

मी मराठी शिकवते. यंत्रातले मला बेताचेच कळते. मात्र पेपर तपासून तपासून दुसऱ्याच्या उणिवा टिपण्याचा हात चांगला बसला आहे. चावदिसाची पहाट झाली, कारीट फोडून झाले, पाच तऱ्हेचे पोहे खाऊन झाले. आणि मग रोज रात्री खळ्यात चटया टाकून तिन्ही मालकांची जी बैठक बसे तिचा विषय एकच असे: पुढची गाडी केली तर काय काय वेगळे करायचे? मुलगी सासरी नांदू लागली, की मगच जावयाचे दोष दिसतात म्हणतात. गाडीचेही तसेच असावे. विकत घेताना तिघांनीही खिडक्यांचे पडदे आणि दिव्यांचा रंग पाहिला होता. दोन पावसाळे काढल्यावर आता ते ओल, धूळ, वजन आणि पायरी यांवर बोलत होते.

पहिली तक्रार ओलीची. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, हे भूगोलाच्या पुस्तकात वाचणे निराळे आणि कॅनव्हासच्या भिंतीआड अनुभवणे निराळे. कापड भिजले की भिजलेलेच घडी घालून निघावे लागते आणि दोन दिवस ते उलगडले नाही, तर काळे ठिपके पडतात. ते ठिपके पुढे कशानेही जात नाहीत. पण खरी चोरटी ओल पावसाची नव्हे, माणसाच्या श्वासाची. चार माणसे रात्रभर बंद जागेत निजली, की त्यांच्या श्वासातली वाफ थंड पृष्ठभाग शोधते. गादीच्या खाली लाकडी फळीवर ती थिजते. वरून गादी कोरडी ठणठणीत. उचलून पाहावी तर खाली बुरशी! एकाने गादी बदलली, दुसऱ्याने फळीला रंग दिला, तिसऱ्याने उदबत्ती लावली. माझी आई ऐक्याऐंशी वर्षांची. ओटीवर बसून पानाला चुना लावत ती हे सारे ऐकत होती. ती म्हणाली, "अरे, गादयेखाली काथ्याची चटय घाला." घरात काथ्याचे पायपोस, काथ्याचे सुंभ, सुंभाची बाज, आणि हे लोक फळीवर रबराची गादी टाकून वर ओलीच्या नावाने रडत होते. तात्पर्य काय ते त्यांनी तिथल्या तिथे उचलले: फळी अखंड नको, पट्ट्यापट्ट्यांची हवी, तिच्यावर काथ्याचा थर, मग गादी, आणि छपराला एक, जमिनीलगत एक अशी दोन झरोकी, म्हणजे हवा खेळती राहील. परदेशी मालकही याच निष्कर्षाला आले आहेत असे भाचा सांगत होता. बाजेचा शोध त्यांना उशिरा लागला, एवढेच.

धुळीचे कोडे मला फार मौजेचे वाटले. दारे-खिडक्या घट्ट बंद करूनही कच्च्या रस्त्याची तांबडी धूळ आत शिरते आणि ती नेमकी मागच्या बाजूने. कारण असे, की चौकोनी गाडी वेगाने पुढे गेली म्हणजे तिच्या पाठीमागे हवेची पोकळी तयार होते. ती पोकळी मागच्या फटींतून आतली हवा ओढते आणि चाकांनी उडवलेला धुरळा त्या भोवऱ्यात सापडून आत जातो. उपाय उलटा आहे. फटी बुजवत बसण्यापेक्षा छपरावर पुढच्या अंगाला गाळणी लावलेला झरोका ठेवायचा. चालताना त्यातून स्वच्छ हवा आत दाटते आणि धुळीला बाहेरच थोपवते. भिंतीला भोक पाडून धूळ अडवायची! भाच्याच्या मित्राने हे आपल्या गाडीवर करून पाहिले आहे. त्याच्या बायकोने बोट फिरवून दाखवले, बोट स्वच्छ होते. आमच्या आईला मात्र हे पटले नाही.

वजनाची गोष्ट अधिक गंभीर. ही मंडळी दाजीपूरवरून फोंडा घाटाने उतरली होती. उतारावर मागचा ट्रेलर मोटारीला ढकलतो. त्याला स्वतःचे ब्रेक नसले तर मोटारीच्या ब्रेकवर दुहेरी भार येतो आणि ते तापून वास सुटतो. ट्रेलरला विजेचे ब्रेक हवेत, यावर तिघांचे एकमत होते. पण एका गाडीने घाटाआधी सपाटीवरच शेपूट हलवायला सुरुवात केली. ही शेपूट वाढत गेली, तर मोटारीलाच फिरवून टाकते. कारण पाण्याच्या टाकीत सापडले. जोडगाडीच्या वजनाचा सुमारे दहावा भाग पुढच्या हुकावर पडावा, म्हणजे ती सरळ चालते, असा ठोकताळा आहे. या गाडीची शंभर लिटरची टाकी चाकांच्या मागे बसवलेली. ती भरली की मागे शंभर किलोंची भर पडली आणि नाक हलके झाले. बैलगाडीत सामान मागे भरले की जू वर उचलते आणि बैलांच्या गळ्याला जोत काचते, हे आमच्या आजोबांच्या गड्यालाही ठाऊक होते. "टाकी बरोबर आसावर हवी" हे वाक्य त्या रात्री एवढ्या वेळा उच्चारले गेले, की लहान मुले दुसऱ्या दिवशी खेळात तेच म्हणू लागली.

आणखी एका गाडीचे दार उजव्या बाजूला! नकाशा अमेरिकेतला, तिकडे वाहने उजवीकडून चालतात, म्हणून पायवाट उजवीकडे, म्हणून दार उजवीकडे. ते तसेच्या तसे इकडे उतरवले. आता रस्त्याकडेला उभे राहून मुले खाली उतरली, की थेट एस.टी.च्या पुढ्यात. भाषांतर करताना मुलेही असेच करतात, याचा मला रोजचा अनुभव आहे.

स्वयंपाकाच्या ओट्यावर मात्र बायकांनी तोंड उघडले आणि पुरुष गप्प झाले. ओटा मागून बाहेर सरकतो, चांगला देखणा असतो. पण शेगडी वाऱ्यावर. आमटीला उकळी येईपर्यंत गॅस निम्मा वाऱ्याला. मोरी एवढीशी, की त्यात भाताचे पातेले आडवेही बसत नाही. फळ्यांची उंची थाळ्या-बश्यांची. कुकर कुठे ठेवायचा? आणि वाटणाचे काय? ओले खोबरे वाटल्यावाचून इथे कालवण होत नाही. मिक्सर साडेसातशे वॉटचा. पाच मिनिटे चालवला, तर साठेक वॉट-तास वीज जाते. बारा व्होल्टची, शंभर अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे बाराशे वॉट-तास. शिशाची असेल तर निम्मीच वापरायची, नाही तर तिचे आयुष्य घटते. म्हणजे वाटण परवडते, रात्रभर पंखाही परवडतो. विजेची शेगडी मात्र परवडत नाही, ती अर्ध्या तासात सगळी बॅटरी गिळते. हा हिशेब भाच्याच्या बायकोने बोटांवर करून दाखवला. तिला हवी आहे तीन बाजूंनी आडोसा असलेली शेगडी, हात-दीड हात रुंद मोरी आणि विळीवर बसून नारळ खोवायला पायांपाशी एक फळी. इतकी साधी मागणी, पण नकाशा काढणाऱ्याने जन्मात नारळ खोवला नसावा.

चाकांवरच्या घराची हौस मुळात साहेबाची. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका स्कॉटिश डॉक्टराने ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्यात 'वाँडरर' नावाची गाडी मुद्दाम करवून घेतली. अठरा फूट लांब, आत उंची लाकडाचे काम, भरल्यावर दोन टनांच्या आसपास वजन, ओढायला दोन घोडे. सोबत गाडीवान, एक नोकर, एक भला थोरला कुत्रा. नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन अरुंद रस्त्यावरच्या लोकांना वर्दी देई. त्याच्या प्रवासाचे पुस्तक निघाले, लोकांना वेड लागले, आणि १९०७ साली तिकडे कॅराव्हॅन क्लब स्थापन झाला. हे सारे हौसेचे. पोटासाठी चाकांवर राहणारी माणसे आपल्याकडे त्याच्या किती तरी आधीपासून होती आणि आजही आहेत. त्यांच्या गाडीत काय सुधारणा हव्यात हे मात्र कोणी विचारायला जात नाही.

दशावताराच्या कंपन्या पाहा. मोचेमाडकर, पार्सेकर, आजगावकर, खानोलकर या जुन्या नावांच्या जोडीने आमच्या वालावलकरांचेही नाव घेतले जाते. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या, की ही मंडळी गावोगाव निघतात ती वैशाखापर्यंत. आज या देवळात, उद्या त्या. पूर्वी डोक्यावर बोजे घेऊन पायी रानवाटा तुडवीत. आता मोटारगाडी असते. रात्री खेळ, पहाटे दहीकाला, मग गाडीत बसून पुढच्या गावची वाट. वर्षातला निम्मा काळ गाडी हेच त्यांचे रंगपटाचे आणि झोपेचे ठिकाण.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे असा एक साठी उलटलेला कलावंत आला होता. हंगाम सुरू व्हायला अजून अवकाश, म्हणून घरी होता. उमेदीची सारी वर्षे त्याने स्त्रीपार्ट केला. अजूनही चालताना खांद्यावरचे उपरणे तो पदरासारखा सावरतो. त्याने तिन्ही गाड्या आतून-बाहेरून पाहिल्या, छप्पर वर-खाली करून पाहिले, आणि विचारले, हे सगळे मांडायला किती वेळ लागतो? भाचा अभिमानाने म्हणाला, पंचवीस मिनिटे. म्हातारा हसला. तेवढ्या वेळात त्याचे तोंड रंगवून, नऊवारी नेसून होते आणि गणपती उभा राहतो!

मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, आमी दिसाचे निजतव, रातीचे जागतव. आमका काळोख होयो." ही गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलेली नव्हती. हौशी माणूस रात्री निजतो, म्हणून त्याला खिडक्या मोठ्या हव्यात. हा भर दुपारी पत्र्याखाली निजणार, म्हणून त्याला काळोख हवा, वारा हवा आणि पाठ सरळ टेकायला साडेपाच फूट जागा हवी. बाकावर बसून मान लटकवत काढलेल्या झोपेने त्याच्या बरोबरीच्या किती जणांची पाठ कायमची गेली, ते त्याने सांगितले. पुढे एकेक मागणी निघू लागली. घामाने चिंब झालेले कपडे दुसऱ्या रात्रीपर्यंत वाळायला गाडीच्या अंगाला बाहेर उघडणारी दांडी हवी. ओल्या जरीचा वास घेऊन निजावे लागते. आरशावर दिवा असा हवा, की तोंडाच्या दोन्ही अंगांना सारखा उजेड पडेल. पायपेटी आणि मृदंग यांना ओल लागता कामा नये. आणि पेटारा, ज्यात गणपतीचा मुखवटा असतो आणि ज्याची रोज पूजा होते, तो कोणाच्या पायाशी येता कामा नये. त्याला जागा उंचावर, पुढच्या अंगाला, डोक्याच्या दिशेने. गाडी बांधणाऱ्याने ही जागा आधी आखावी आणि बाकीची गाडी मग तिच्याभोवती.

भाच्याने वही आणली. दोन दिवसांच्या चर्चेत जी गोष्ट त्याला सुचली नव्हती ती या माणसाने एका फेरीत सांगितली होती: गाडी आधी कोण, केव्हा आणि कसा निजणार ते ठरवा, मग पत्रा कापा. मला तर असे वाटते, की आपल्या कारखानदारांनी परदेशी नकाशे गिरवण्याआधी एक हंगाम दशावताराच्या गाडीतून हिंडावे. टूरिंग टॉकीजचे मालक आणि तमाशाच्या फडांची माणसेही त्यांना पुष्कळ शिकवतील. अशी झोपायची सोय असलेली गाडी एखाद्या कंपनीला परवडेल का, हा प्रश्न निराळा. एका रात्रीच्या बिदागीचे किती वाटे पडतात ते ऐकल्यावर मी पुढे विचारले नाही.

राहिली आईची गोष्ट. खरे तर भाच्याने हा सगळा घाट घातला तो थोडासा तिच्यासाठीच. तिला एकदा महाशिवरात्रीला कुणकेश्वराला जायचे आहे. पूर्वी नेरूरच्या कलेश्वराच्या जत्रेला ती बैलगाडीतून जाई. तट्ट्याचे छप्पर, खाली पेंढा, पेंढ्यावर गोधडी. पण आता गेली नऊ वर्षे ती गावाबाहेर रात्रीची राहिलेली नाही. गुडघे हे एक कारण. दुसरे कारण बायका एकमेकींना सांगतात, पुरुषांना नाही: रात्री तीनदा उठावे लागते आणि परक्या ठिकाणी अंधारात सोय कुठे शोधायची? गाडीत ती सोय आहे. आडोसा आहे, दिवा आहे, वीस लिटरची पेटी आहे, जी सकाळी काढून रिकामी करायची. आईने ती कोनाड्याएवढी खोली बाहेरून पाहिली आणि तिच्या तोंडावर जे आले ते मी विसरणार नाही. मग तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. पायरी जमिनीपासून दीड फूट. एक पाय वर, दुसरा उचलेना. धरायला काही नाही.

"माका चढूक जमाचा नाय," ती म्हणाली आणि ओटीवर जाऊन बसली.

घराच्या जिन्याची पायरी सहा-सात इंचांची असते हे सर्वांना ठाऊक आहे. गाडीची चाके मोठी, खडबडीत रस्त्यासाठी तळ उंच. ती उंची एकाच पायरीवर लोटून कारखानदार मोकळा झाला होता. दुसऱ्या दिवशी भाचा कुडाळला एका वेल्डरकडे गेला. तीन पायऱ्यांची घडीची शिडी, प्रत्येक पायरी सहा इंचांची, रुंदी पाऊल पूर्ण मावेल एवढी, वर खरखरीत रबर, आणि दोन्ही बाजूंना कमरेइतका उंच कठडा. खाऱ्या वाऱ्यात अॅल्युमिनियमला लोखंडी स्क्रू लावला की तिथे पत्रा खातो, म्हणून मध्ये रबरी चकत्या. शिडी बसेपर्यंत भाऊबीज उलटली.

आई चढली. न थांबता चढली, आत गेली, ती कोनाड्याएवढी खोली आतून पाहिली, दार लावून आणि उघडून पाहिले, नळ सोडून पाहिला. मग पलंगावर आडवी झाली. बराच वेळ काही बोलली नाही, म्हणून भाचा डोकावला, तर ती छपराकडे पाहत पडून होती. म्हणाली, "निजल्यार भायरचा काय दिसणा नाय रे. तळा दिसाक होया." खिडकी चार बोटे वर होती.

भाच्याने टेप काढून मोजले. खिडकी खाली घ्यावी तर भिंतीतली सळई आड येते. पलंग उचलावा तर छप्पर मिटताना दट्टे गादीवर बसतात. महाशिवरात्रीला तेव्हा साडेतीन महिने होते. वेल्डर म्हणतो, सळई वळवून देता येईल.